पाठीमागचे हात

सून पडल्या माणसाला हात देत नाही, ही मोठ्याबाईंची तक्रार आता साऱ्या गल्लीला पाठ झाली होती. खिडकीवरून जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून त्या सांगत, "मी फरशीवर आडवी, आणि ही दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्याकडे बघत उभी. शाळा तपासायला आलेला साहेब असतो ना, अगदी तशी. वर तोंडानं म्हणते काय, तर आई, आधी कुशीवर वळा. अगं बये, वळायला येत असतं तर पडले असते कशाला?"

ऐकणारी हसायची, चुकचुकायची, आपल्या वाटेनं जायची. आणि मग खिडकीशी एकट्या उरलेल्या बाईंच्या काळजात ते जुनं दुःख पुन्हा डोकं वर काढायचं... आज माझा लेक असता तर! त्यानं आईला असं मातीमोल होऊ दिलं असतं?

लेक कापड कापायचा, बाई शिवायच्या. त्याची कात्री आणि बाईंचं मशीन, यावर सारं घर उभं होतं. तापाचं निमित्त होऊन तो गेला, तेव्हा त्यानं अर्धवट कापून ठेवलेल्या कापडावर डोकं टेकून बाईंनी आकांत केला होता. सुनेच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. "दगड आहे, दगड," बाई म्हणाल्या होत्या. उलट वर्ष सरतं न सरतं तोच ती व्यायाम, खेळ आणि आरोग्याचं शिक्षण घ्यायला विद्यापीठात निघाली. लग्नाआधी लांब उडीत नाव काढलेली मुलगी. म्हणे, शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचंय. बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. "उड्या मारायला विद्यापीठ कशाला लागतं? बेडकाला कुणी पदवी दिलेली मी तरी ऐकली नाही." सून वाकली, बुटाची नाडी बांधली, पाया पडली आणि गेली. उलटून बोलली असती तर परवडलं असतं. त्या मुकेपणाचा घाव बाईंना जास्त लागला.

मग एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या बाईंचं डावं अंग लुळं पडलं. इस्पितळातून घरी आल्या, तर सून बॅगेसकट दारात हजर. "विद्यापीठाला मोठी सुट्टी आहे," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी धडे सुरू झाले. उठा, बसा. टाच आधी टेकवा. भिंत सोडा, खुर्चीपर्यंत या. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, हिला परीक्षेत मार्क हवेत, म्हणून सासूवर हात बसवून घेतेय. "कापड फुकटचं मिळालं की कुणीही कात्री चालवतं," त्या शेजारणीला म्हणाल्या; सून ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या.

त्या दुपारी सुनेच्या विद्यापीठातल्या मॅडम न सांगता घरी आल्या. उन्हानं रापलेल्या, ताठ चालीच्या बाई. त्यांना बघताच सुनेचा चेहरा उतरला; तिनं डोळ्यांनीच काहीतरी विनवलं. मॅडम क्षणभर थांबल्या, मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "काकू, चालून दाखवता का?"

पाहुण्यांसमोर माघार घेणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी भिंत सोडली. खोलीच्या मधोमध डाव्या पायाचा चवडा फरशीला घासला, आणि त्या कोसळल्या.

"बघा," खालूनच त्या म्हणाल्या, "बघा तुमची विद्यार्थिनी. चार लोकांत तरी सासूला..."

मॅडम दाराशी, सुनेच्या मागे उभ्या होत्या. त्यांची नजर बाईंवर नव्हतीच. "हे कधीपासून करतेस?" त्यांनी हलकेच सुनेला विचारलं.

"काही नाही, मॅडम."

मॅडमनी तिचे खांदे धरून तिला पाठमोरं केलं. उजव्या हातानं डावं मनगट इतकं आवळलेलं, की बोटं पांढरी पडलेली. नखं कातड्यात रुतलेली. आणि भोवताली व्रण... ताजे, सुकलेले, काळवंडलेले, एकावर एक घातलेल्या टाक्यांसारखे.

"काकू, हात दिला की शरीर त्या हातावर रेलतं, स्वतःचा तोल शोधत नाही. हे आम्हीच शिकवतो. पण हेही शिकवतो, की घरचं माणूस असेल तर दुसऱ्यावर सोपवा. आपल्याच्यानं ते बघवत नाही." मॅडमचा आवाज कठोर झाला. "आणि सुट्टीबिट्टी काही नाही. हिनं शिक्षण सोडलं. परीक्षा होऊन गेली, बरोबरची मुलं नोकरीला लागली. नव्या वर्गात बसू देतील, मी भांडून आलेय. पण सोमवारी तिथं राहायला यावं लागेल."

"मी नाही येणार," सून म्हणाली. "इथं आईंना कोण आहे?" आणि मग, इतकी वर्षं अडवून धरलेला बांध फुटावा तशी ती भिंतीला टेकून रडू लागली. "ह्यांना उठवता आलं नाही हो मला... आईंना तरी उठवू द्या."

मोठ्याबाईंची नजर त्या व्रणांवर खिळली. मापं घेण्यात हयात गेली. पाठ बघून माणूस ओळखणाऱ्या त्या. आणि घरातली एक पाठ बघायची तेवढी राहून गेली होती... जिला दगड म्हणाले, तिनं माझ्या प्रत्येक पडण्याचा घाव स्वतःच्या हातावर घेतला!

दोघी उचलायला पुढे झाल्या. "हात लावायचा नाही कुणी," बाई म्हणाल्या. त्या कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, खुर्चीच्या बैठकीवर उजवा हात रोवला, चांगला पाय पुढे टाकला, आणि थरथरत, धापा टाकत उभ्या राहिल्या. क्षणभर त्यांना सोमवारनंतरचं घर दिसलं. बंद मशीन, एकच ताट, आणि हाक मारायला कुणी नाही. डोळे भरून आले. त्यांनी ते पदरानं पुसले आणि सुनेपुढे जाऊन थांबल्या.

"ऐक. सून म्हणून तू मला कधी आवडली नाहीस, अजूनही नाही. भाजी अळणी करतेस, आणि सासूला थापा मारतेस. पण शिकवणारी तुझ्यासारखी मी जन्मात पाहिली नाही. असं माणूस एका म्हातारीपायी घरात कोंडलं, तर वर गेल्यावर लेकाला तोंड कसं दाखवू? सोमवारी जायचं. मी पडेन नाहीतर उठेन, ते माझं मी बघीन. शिक्षिका होऊनच परत ये. मी असले तर चालत येऊन दार उघडीन. नसले, तर किल्ली शेजारणीकडे असेल. बाहेर रडत उभी राहू नकोस. सरळ आत ये. घर तुझं आहे."