येथे गाडीवरून उतरावे

“माणसाला गाडीवरून उतरवता, तुम्हाला लाज कशी वाटत न्हाई?”

अक्षरा हे बोलली ते एका पाटीला. औशाहून किल्लारीकडं जाताना आत वळलं की राजांची जुनी गढी लागते. राज्य कवाच गेलं. आता तिथं भाड्यानं प्री-वेडिंगचे फोटो निघतात. पण फाटकाच्या बऱ्याच अलीकडं पाटी तशीच... ‘येथे गाडीवरून उतरावे’. राजाच्या दारात कुणी बसून यायचं नाही. सावकार असो नाहीतर सोयरा, उतरायचं आणि गाडी ढकलायची. अक्षराचं औशात ब्युटी पार्लर. फोटोसाठी नवरी सजवायला निघालेली, स्कुटीवर मेकअपची जड पेटी, वरून श्रावणाची भुरभुर, आणि पायाखाली काळा चिखल.

लिंबाखाली एक जण भुईमुगाच्या शेंगा खात उभा होता.

“वाटती की लाज,” तो म्हणाला. “पण पाटी पणज्यानं लावलीय.”

“मग पणज्यालाच म्हणावं, ये ढकलायला.”

त्यानं शेंगा तिच्या ओंजळीत ओतल्या आणि खरंच स्कुटी ढकलू लागला. फाटकावरचा रखवालदार त्याला बघून कमरेत वाकला, तेव्हा हिच्या डोक्यात उजेड पडला — हे तर धाकटे राजे, रुद्रेश! शेंगा ओंजळीतच राहिल्या.

पुढं गढीवर फोटोसाठी नवरीमुलींची रीघच लागली म्हणायची. अक्षराला सारखं बोलावणं येऊ लागलं. पाटीपाशी तो उभाच.

“राजे, ढकलायची मजुरी काय घेता?”

“तुमी हसलाव की फिटली...”

एवढं म्हणून त्याचे कान लाल व्हायचे. त्या कानांवरच ती भाळली.

पार्लरात गिऱ्हाईक नसलं की ती आरशापुढं बसून तोलायची. एका पारड्यात मोटार, दागिने, ‘वहिनीसाहेब’ म्हणत वाकणारी माणसं. दुसऱ्यात पार्लरला कुलूप, स्कुटी पत्र्याखाली, डोक्यावरून न ढळणारा पदर. राजांच्या सुना बाजारात दुकान मांडत नाहीत, असं थोरल्या आक्कासाहेबांनी, म्हणजे रुद्रेशच्या आईनं, आधीच कळवलं होतं. तरी खरं सांगायचं तर पारडं राजेपणाकडंच झुकायचं. ‘वहिनीसाहेब’ हा शब्द ती आरशाला हळूच म्हणून बघायची आणि स्वतःशीच लाजायची.

दोन्ही घरं लिंगायत, तेव्हा नडत काही नव्हतं. घर बघायचा दिवस ठरला. तिचे अप्पा, धोंडप्पा, भांड्यांचे दुकानदार. समोर कुणीही येवो, हात जोडून ‘शरणार्थी’ असा नमस्कार करायचा, तेवढ्याच मानानं परत घ्यायचा, असा ताठ माणूस. ताठ नव्हता तो फक्त दुखरा उजवा गुडघा. रुद्रेश तिला न्यायला मोटार घेऊन आला, तेव्हा तेच म्हणाले, तुमी व्हा पुढं, मी नारळ-पेढे घेऊन स्कुटीवर येतो.

फाट्यावर दोघं चहाला थांबले. एका कपात दोघांनी पिला, बशी तिनं आणि कप त्यानं. तेवढ्यात अप्पा पुढं निघून गेलेले.

पाटीजवळ मोटार आली तेव्हा पाऊस वाढला होता. काचेवरचा वायपर फिरला आणि समोर अप्पा दिसले. भिजलेले. पेढ्याची पिशवी हँडलला, लंगडत चिखलातून स्कुटी ढकलत निघालेले.

रुद्रेशनं वेग कमी केला. फाटकात आक्कासाहेब, पाहुणे, सगळे बघत उभे. त्यानं एकदा अप्पांकडं पाहिलं, एकदा फाटकाकडं... आणि गाडी पुढं घेतली. राजांच्या मोटारीला पाटी लागू नव्हती.

आणि अक्षरा? पडलेला रुमाल शोधावा तशी ती सीटखाली वाकली. रुमाल तिच्या हातातच होता.

बैठकीत आक्कासाहेबांनी मायेनं विचारपूस केली. पोरीला सोन्यानं मढवू म्हणाल्या. अप्पा ओल्या कपड्यानं सोफ्याच्या कडेला टेकले होते, गादी भिजू नये म्हणून. लेकीनं नजर वर केली तसे हसून म्हणाले, “काय न्हाई गं. तेवढेच पाय मोकळे झाले.”

तिला वाटलं, फरशी फाटावी.

ती उठली. अप्पांच्या हातातून किल्ली घेतली, अंगणात स्कुटी चालू केली, त्यांना मागं बसवलं. फाटकातून बसूनच बाहेर पडली. रखवालदार ‘उतरा, उतरा’ म्हणत हात हलवत राहिला. रुद्रेश पावसात मागं पळत आला, तो पार पाटीपर्यंत. तिथं तिनं स्कुटी थांबवली.

“अक्षरा, माझा लई जीव हाय तुमच्यावर. पण रीत—”

“माझा न्हाई का जीव?” तिचा आवाज फाटला. “मी बी सीटखाली वाकले, राजे. बापाला वळख दिली न्हाई. ती लाज जन्मभर माझी, तुमच्यावर ढकलत न्हाई. पोरीची स्कुटी तुमी हौसेनं ढकलली. सासऱ्याची गाडी तेवढी जड झाली?”

त्याचे कान लाल. पाण्याचे थेंब पाटीवरून ओघळत होते.

“पाटी लावणारा मेला,” ती म्हणाली. इंजिन तिनं बंद केलं नाही. “आता राखणारा कोण हाय? तुमी हाव का न्हाई... एवढंच सांगा.”