मुरब्याचा पाणबुरूज

मोरेश्वर चुरींची सगळी नोकरी वैतरणा स्टेशनात गेली. निवृत्त होऊन पालघरच्या घरी आले तरी लांबून गाडीची शिटी ऐकू आली की त्यांचा उजवा हात आपसूक वर जाई, हिरवा झेंडा धरल्यासारखा. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीत बसवून रवाना करणारा हा माणूस स्वतः मात्र कधी कुठे गेला नव्हता. म्हणून निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की आता किनारा बघायचा. आधी घराजवळचं, मग पाय चालतील तोवर खाली मालवणापर्यंत.

त्यांच्या बायकोचे, येसूबाईंचे, गुडघे दुखत. शिवाय दगड बघायला एवढं काय जायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. तेव्हा बरोबर जायचं काम आपोआप आनंदीकडे आलं. आनंदी त्यांची एकुलती एक मुलगी, पस्तिशीची. बोईसरला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करी. नळीत जे दिसतं ते खरं, बाकी गप्पा, असा तिचा स्वभाव. पण बाबांबरोबर रविवारी हिंडायला तिला आवडू लागलं. होडीतून अर्नाळा झाला. वसईच्या किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या देवळांत बाबा टोपी काढून फिरले. शिरगावच्या किल्ल्यात फांद्या फुटलेला ताड आहे, त्याच्याखाली ते इतका वेळ मान वर करून उभे राहिले की आनंदीला त्यांना हाताला धरून हलवावं लागलं. "ताडाला फांद्या! आणि आपण इतकी वर्षं इथून हाकेच्या अंतरावर," असं ते परतीच्या एस्टीत पुन्हा पुन्हा म्हणत होते.

चौऱ्याऐंशी सालची संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी ते मुरब्याला गेले. खाडीच्या तोंडाशी, पाण्यात, एक एकटा बुरूज उभा आहे असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं. ओहोटीला चालत जाता येतं म्हणे.

गावातून बाहेर पडेपर्यंत बोंबलांच्या मांडवांचा वास अंगाला चिकटला. पुढे तिवरांची रांग, मग नुसता करडा गाळ, आणि गाळाच्या टोकाला बुरूज. काळा, बसका, उपड्या घातलेल्या हंड्यासारखा. पलीकडच्या काठावर सातपाटीची घरं उन्हात चमकत होती. बुरजाच्या पायाशी खडकांवर एक बाई कोयत्याने कालवं फोडत बसली होती. तिने यांच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली.

बुरजापाशी पोचता पोचता आनंदीचा पाय घसरला आणि कालवांच्या धारेने तळवा चिरला. त्या बाईने, तिचं नाव बायडी, लुगड्याच्या पदराची चिंधी फाडून पाय बांधून दिला आणि जरा बसून राहा म्हणून सांगितलं. बाबांचं लक्ष बुरजाच्या दाराकडे लागलं होतं. दार कसलं, खिंडारच ते. ओणवं होऊन शिरावं लागेल एवढं.

"तू बस. मी बघून येतो," ते म्हणाले. हसले, खाली वाकले, आणि आत गेले. धोतराचा चिखलाने माखलेला काठ तेवढा शेवटी दिसला.

आनंदी खडकावर बसून राहिली. वारा बरा होता. बायडी सांगत होती की तिचा नवरा जानू होडी घेऊन खाडीत जाळं बघायला गेलाय. कालवं यंदा बारीक आहेत. बोलता बोलता बराच वेळ गेला असावा, कारण खडकांमधल्या सुकलेल्या ओहळात पाण्याची एक जीभ सरकत आलेली आनंदीला दिसली.

"बाबा, झालं का?"

"आलो गं," आतून बाबा म्हणाले.

माणूस शेजारच्या खोलीत चष्मा शोधताना ओ देतो ना, तसा तो आवाज होता. त्यात घाई नव्हती. येसूबाईंनी जेवायला हाक मारली की ते रोज असंच म्हणत आणि मग पुष्कळ वेळाने येत. आनंदीला हसूच आलं. तिने थोडं थांबून पुन्हा हाक मारली. तेच उत्तर आलं. तिसऱ्या वेळी तिने जरा चिडून विचारलं, की तुम्ही आत करताय तरी काय. त्यालाही बाबा "आलो गं" एवढंच म्हणाले.

पाणी खडकाला लागलं तेव्हा ती लंगडत उठली आणि खिंडारातून आत शिरली.

आत बघण्यासारखं काही नव्हतं. गोल भिंत, वर उघडं आभाळ, खाली वाळू आणि शिंपले. दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती. भिंत तिच्या दुप्पट उंच आणि शेवाळाने गुळगुळीत होती. वाळूवर बाबांच्या अनवाणी पावलांचे ठसे मध्यापर्यंत गेले होते. तिथे ते जरा वळल्यासारखे दिसत होते, आणि मग वाळू सपाट होती.

"बाबा!" ती ओरडली.

"आलो गं."

आवाज बाहेरून आला. खिंडाराच्या अगदी तोंडाशी, बायडी बसली होती तिथून.

आनंदीचा जीव भांड्यात पडला. कसे का होईना, बाहेर पडले होते. ती गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. बाहेर बायडी एकटीच उभी होती. तिच्या हातातला कोयता खाली आला होता.

"गावले ना?" बायडीने विचारलं. "आताच बोलले ते. आतून. मी आयकला."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बायडीने पाण्याच्या दिशेने तोंड करून जानूला हाक घातली, आणि तिच्या आवाजातलं काहीतरी ऐकून जानूने लगेच होडी वळवली.

जानू मेहेर उंच, शांत माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हातारा माणूस कुठेतरी कपारीत अडकला असेल म्हणून स्वतः आत गेला. त्याने भिंत हातांनी चाचपली, वाळू उकरली. मग आतूनच त्याने हाक मारली, "ओ बाबा!"

बाबांनी ओ दिली. आनंदीच्या पाठीमागून, होडीच्या बाजूने. ती गर्रकन वळली. होडी रिकामी हेलकावत होती.

जानू बाहेर आला. आता तिघंही बाहेर होते. आनंदीने हाक मारली, आणि उत्तर बुरजाच्या आतून आलं.

जानूने बुरजाच्या भिंतीवर हात टेकला. मग म्हणाला, "आमची सगळी पोरां हिकडंच खेळून मोठी झाली. मीपन. कवा काय नाय झाला हिकडं. कवाच नाय." कुणीतरी त्याच्यावर खोटा आळ घेतल्यासारखं तो ते म्हणाला.

पाणी मांड्यांपर्यंत आलं. आनंदी हलेना. ती म्हणत होती की एकाने आत राहायचं, एकाने बाहेर, म्हणजे कुठेतरी सापडतीलच. तसंही करून पाहिलं. ती आत राहिली, जानू बाहेर. तिने हाक मारली तेव्हा तिला बाबा बाहेर ऐकू आले, आणि त्याच क्षणी जानूला ते आत ऐकू आले. शेवटी बायडीने तिला काखेत धरून होडीत ओढलं. बुरजाचं खिंडार हळूहळू भरलं. पाण्याने त्याचा वरचा काठ गिळला, तेव्हा आनंदीने शेवटची हाक मारली.

"आलो गं," बाबा म्हणाले. कोरड्या, स्वच्छ, निवांत आवाजात.

त्यानंतर जे करायचं ते सगळं झालं. पोलीस आले. मुरब्याच्या आणि सातपाटीच्या होड्यांनी खाडी पालथी घातली. ओहोटीला गावच्या गड्यांनी बुरजातली वाळू खालच्या खडकापर्यंत उपसली. पंचनामा करायला आलेल्या हवालदाराने आनंदीच्या सांगण्यावरून एकदा हाक मारली, उत्तर ऐकलं आणि टोपी सावरत गाळातून भराभरा चालू लागला. बेपत्ता म्हणून नोंद झाली. कारखान्यातल्या साहेबांनी आनंदीला प्रतिध्वनी कसा होतो ते समजावून दिलं. तिने ते नीट ऐकून घेतलं. प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो, हे तिलाही ठाऊक होतं.

येसूबाईंनी कुंकू पुसलं नाही. आनंदी मुरब्याहून परत आली की त्या एवढंच विचारत, "हाक मारलीस? काय म्हणाले?"

"आलो म्हणाले."

"मग येतील. एका हाकेत कधी उठलेत ते?" असं म्हणून त्या उरलेली आमटी झाकून ठेवत.

आनंदी जात राहिली. सुरुवातीला दर रविवारी, मग अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला. तिने सगळं करून पाहिलं. रडून, रागावून, शपथ घालून. कुठे आहात, दुखतंय का, काय दिसतंय, कुणाला आणू. प्रत्येक प्रश्नाला तेच एक उत्तर. तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं. आवाज होता तसाच राहिला. जानूची होडी तिला न सांगताच थांबे, पण तो स्वतः आता बुरजाजवळ उतरत नसे. बायडीने त्या खडकावरची कालवं काढायचं कधीच सोडलं होतं.

सहाव्या की सातव्या वर्षी, पुन्हा थंडीतच, येसूबाई म्हणाल्या, "मला ने."

गुडघ्यांचं निमित्त चालेना. गाळात त्यांना चालवणं शक्य नव्हतं, म्हणून जानूने त्यांना होडीतून नेलं आणि बायडीने व आनंदीने दोन्हीकडून धरून खडकावर बसवलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. ओहोटी पुरी लागली होती. बुरजाचं खिंडार समोर, काही हातांवर. येसूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. तेवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच तिथे आल्या होत्या, आणि लग्नाला जाताना तयार व्हावं तशा त्या तयार होऊन आल्या होत्या.

आनंदी हाक मारायला तोंड उघडणार, तोच त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "तू थांब. मी मारते."

पण त्यांनी लगेच हाक मारली नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. खाडी इतकी स्तब्ध होती की गाळात बुडबुडे फुटत होते ते ऐकू येत होतं.

"आलो गं," आतून बाबा म्हणाले.

कुणीच हाक मारली नव्हती.

येसूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आनंदीचा हात घट्ट धरला. आत जरा शांतता होती. समोरचा माणूस बोलत असताना आपण थांबतो, तेवढी.

"हो," बाबा म्हणाले. पुन्हा तेवढंच थांबले.

इतक्या वर्षांत त्यांनी दुसरा शब्द उच्चारला नव्हता.

"नाही गं," बाबा म्हणाले, समजुतीच्या सुरात. "दोघी बाहेरच बसल्यात. बसू दे."

येसूबाईंची पकड सैल झाली. त्यांनी हात काढून मांडीवर घेतला. त्यांच्या तोंडावर भीती दिसत नव्हती. परक्या घराच्या उंबऱ्याशी येऊन कुणी विचारपूस केली नाही की बाईमाणूस जसं ओशाळं होतं, तशा त्या दिसत होत्या.

"अगं, हे माझ्याशी बोलत नाहीयेत," त्या हळूच म्हणाल्या.

आनंदीला उठून आत जायचं होतं. ती अर्धवट उठली आणि तिथेच थांबली.

आत बाबा आता ऐकत होते. मधूनमधून हुंकार देत होते, कुणीतरी बराच वेळ काही सांगत असल्यासारखे. मग ते म्हणाले, "नको, तू नको हाक मारूस त्यांना."

पुन्हा शांतता.

"मी मारतो," ते म्हणाले.