हळदीचे हात

चिखलीच्या शिवेवर सयाजी सायकलवरून उतरला, तोच वरून टपकन एक चिंच त्याच्या डोक्यात पडली.

वर पाहतो तर फांदीवर एक मुलगी! कोपरापर्यंत हळदीनं पिवळे झालेले हात... आणि ओठ दाबून धरलेलं हसू.

“लागली का हो पावनं?”

“चिंच न्हाई लागली,” सयाजी म्हणाला, आणि पुढचं बोलायचंच विसरला.

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात कामाला असणारा सयाजी दोस्तांची लग्नं लावायचा. भटजी न बोलावता, सत्यशोधक पद्धतीनं. मंगलाष्टका स्वतः रचायचा, आणि त्याआधी नवरा-नवरीला भेटून त्यांच्या आवडीनिवडी विचारायचा. उद्या त्याच्या जिवलग दत्तोबाचं लग्न. नवरीशी बोलायलाच तो आला होता, आणि ते हळदीचे हात बघून त्याला वाटलं, हीच ती.

“नवरी तुमीच न्हवं? मंगलाष्टकांसाठी इचारतो... काय आवडतं तुमाला?”

तिच्या डोळ्यांत खोडी चमकली. “गाभुळलेली चिंच. आन् झाडावर बसून येणारं-जाणारं बघायला.”

“आन् नवरा कसा पायजे?”

“मला काय आवडतं ते असं इचारणारा,” ती बोलून गेली, आणि का कोण जाणे, लाजून दुसरीकडे बघायला लागली.

परतताना सायकल रेटता रेटेना. दोस्ताची होणारी बायको मनात भरली, याची सयाजीला स्वतःचीच लाज वाटली. तरी मंगलाष्टका त्यानं जीव ओतून लिहिल्या. निदान एवढं तरी तिला देता येईल...

मांडवात त्यानं नजर जमिनीवरून उचललीच नाही. आवाज कापत होता. तिसऱ्या कडव्यात चिंच आली, झाडावरचं खोडकर हसू आलं, आणि बायकांत कुजबुज सुरू झाली.

“अगं बया! आमची कौसल्या कवा चढली झाडावर?” नवरीची आत्या अंबूबाई म्हणाली. “तिचं तर चिंच बघूनच दात आंबत्यात!”

सयाजीनं मान वर केली. अंतरपाटामागे मुंडावळ्या बांधलेली मुलगी वेगळीच होती! तिच्या पाठीशी हातात कऱ्हा घेऊन उभी होती ती कालची... करवली. बहिणीला हळद लावून पिवळे झालेले हात अजून तसेच.

सयाजीचा जीव भांड्यात पडला. कौसल्येचं कडवं त्यानं उभ्या उभ्या रचलं आणि असं खणखणीत म्हटलं, की दत्तोबासुद्धा दचकला.

अक्षता पडल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“रागावला? गंमत करायला गेले... पर कडवं ऐकून रडूच आलं मला.”

“नाव तरी सांगा.”

“छबू.”

“छबू, ते कडवं तुमचंच हाय. तुमच्या लग्नात... म्हनू का परत?”

“न्हाई.”

सयाजीचा चेहरा उतरला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“दुसरं कुनीतरी बघा म्हनायला,” ती हळूच म्हणाली. “नवरदेवानं सोताच्या मंगलाष्टका म्हनायच्या नसत्यात.”