दहा बाराचा मुहूर्त

चांद्रतळावरचं पहिलं मराठी लग्न, आणि संगणक एकच. तोही दोन कार्यप्रणालींचा. जुनी तळाची घंटा, दिवे नि घड्याळं सांभाळायची. नवी पृथ्वीशी चित्रसंवाद जोडायची. एक जागी झाली की दुसरीनं झोपायचं, हा नियम.

तळाची संगणकतज्ज्ञ आणि आजची नवरी ओवी हिनं नवी प्रणाली कालच बसवली होती, खास आईसाठी. चिपळूणहून शकूताईंनी लेकीला बजावलं होतं, मुहूर्त सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा. चुकला तर लग्न पुढच्या मुहूर्तावर. आणि नवरदेव निषाद तर उद्याच दोन वर्षांच्या मंगळमोहिमेवर निघणार होता.

घंटा झाली तशी मंडळी उठली, झोप काय मस्त लागली म्हणत नटली. बरोबर दहाला ओवीनं जुनी बंद करून नवी चालू केली. घड्याळ म्हणालं, दुपारचे साडेतीन.

"नवी चुकतेय," ओवी म्हणाली.

तळप्रमुख डॉ. पाध्येबाईंनी चष्मा पुसला. "काल वेळ लावली कुणी?"

"या नवीनंच. पृथ्वीवरून घेतली आणि आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहिली. दाखवताना ही त्यात साडेपाच तास मिळवते, म्हणजे भारतीय वेळ होते."

"आणि जुनी?"

"जुनी तोच आकडा तसाच भारतीय वेळ म्हणून..." ओवीनं कपाळाला हात लावला. "बाई, नवीच बरोबर आहे. आपण साडेपाच तास जास्त घोरलो."

चंद्रावर ऊन दिवसचे दिवस ढळत नाही, मग शंका यायची कुठून?

तेवढ्यात पडद्यावर शकूताई अवतरल्या, मागे गुरुजी आणि सगळी आळी. "अगं, सकाळपासून अक्षता मुठीत धरून बसलोय. घामानं त्यांचा भात व्हायची वेळ आली."

ओवीनं रडत रडत सगळं सांगितलं. उत्तर यायला नेहमीची अडीच सेकंदं लागली.

"म्हणजे त्या जुनीत अजून सकाळच आहे? मग तीच लाव की. लग्न तिकडं, तर घड्याळही तिकडचंच धरायचं."

पाध्येबाईंना हसू आवरेना. "मंगलाष्टका मला येतात," त्या म्हणाल्या.

"पण आई, जुनी जागी केली की नवी झोपणार. मग मी तुला दिसणार नाही."

अडीच सेकंदं गेली. पाच गेली. दहा गेली.

"मेला तो मुहूर्त," शकूताई म्हणाल्या. "गुरुजी, करा सुरू. आणि ओवी, मान जरा वर कर बाई, मुंडावळ्या दिसू देत."