आंसेल्मचं वजन

"सगळ्यात जाड करणारं काय आहे तुमच्याकडे?"

दारात उभ्या त्या काटकुळ्या पोराच्या डोळ्यांभोवती चष्म्याच्या दोन गोऱ्या खुणा होत्या. बाकी तोंडभर फ्रान्सच्या ऑव्हेर्न्य मुलखातली धूळ. झेलीला हसू आवरेना. आईच्या खानावळीत असं कुणी कधी मागितलं नव्हतं.

"कोबीचा रस्सा आहे, डुकराच्या चरबीतला. खाल?"

"पातेलंभर."

आंसेल्म शर्यतीच्या गाडीवर मेकॅनिक होता. चालकाच्या शेजारी बसायचं, धावत्या गाडीत हातपंपानं इंजिनाला तेल द्यायचं, टायर फुटला की उडी मारायची. बसणाऱ्याचं वजन ठरावीक भरायला हवं, नाहीतर गाडीत शिसं ठेवायचं, असा नियम. मालकानं बजावलं होतं, "शिसं टायर बदलत नाही. कमी भरलास तर दुसरा बघेन."

म्हणून तो रोज दुपारी यायचा.

"आणखी वाढा ना."

"लाज?"

"गाडीत राहिली. तुमच्या हाताला चव आहे हो..."

"हाताला नाही, डुकराला."

त्याचं मनगट इंजिनावर भाजलेलं. एकदा तिनं त्याला लोणी लावलं. त्यानं हात मागे घेतला नाही — तिनंही नाही. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

मग सरावात एक गाडी दरीत कोसळली. चालकासाठी हार आले, चर्चची घंटा वाजली.

"शेजारचाही गेला ना?" झेलीनं विचारलं. "नाव काय त्याचं?"

आंसेल्मचा चमचा थांबला. "माहीत नाही..."

"तुझ्याच धंद्यातला माणूस, आणि तुलाही माहीत नाही?"

वर्तमानपत्रातही नव्हतं. चालकाच्या मिशांवर मात्र अख्खा परिच्छेद होता. झेलीनं तो कागद चुलीत घातला. दुसऱ्या दिवसापासून ती रश्श्यावरची चरबी काढून टाकू लागली. वाढताना हसायची, एवढंच.

वजनाच्या दिवशी आंसेल्म कमी भरला. मालकानं हातमोजे झटकले आणि दुसऱ्याला हाक मारली.

आंसेल्म खानावळीच्या मागच्या दारानं आला.

"मीच केलं," झेली म्हणाली. "चरबी काढत होते. तुझी रोजी गेली माझ्यामुळे, हव्या तेवढ्या शिव्या दे. पण त्या गाडीत बसवायला मी तुला पोसणार नव्हते!"

"माहीत आहे."

"काय?"

"खेड्यातलाच आहे मी. पाणी कुठलं नि रस्सा कुठला, कळत नाही होय?"

"मग पलीकडच्या खानावळीत का नाही गेलास?"

बाहेर गाड्या घरघरत होत्या. त्याचा जीव तिकडे ओढत होता, ते त्यानं लपवलं नाही.

"गेलो होतो एकदा. वाढणारीनं एक टोमणा मारला नाही... घास उतरेना, झेली. तुझ्याशिवाय आता उतरणारही नाही."

झेलीचे कान तापले. "मग... करशील काय?"

"या गावात सायकली मोडतात का?"

"मोडतात की," ती म्हणाली. "नाही मोडल्या, तर मी मोडीन."