पहिल्या तासाचं नाव

"अहो महाशय, बाजूला व्हा! माझे बैल वळायचे नाहीत!"

सोलांज ओरडली, तसा एत्येन मार्सोले आपला चित्रफलक कवेत घेऊन ढेकळांत असा काही आपटला, की तिला हसूच आवरेना. गुराढोरांची चित्रं काढणारा हा पॅरिसचा पाहुणा मग रोज सकाळी बांधावर हजर! बैल रंगवायला... निदान तो तसं म्हणायचा.

"तुम्ही गाता आणि ते चालू लागतात," तो कुरकुरायचा. "मी डोळा काढेपर्यंत शेपूट समोर येतं!"

"मग शेपूटच काढा. तेच जमेल तुम्हाला."

बाबांचा आवाज हिवाळ्यात बसला, तेव्हापासून नांगरामागचं गाणं सोलांजकडे आलं होतं. बैलांना नावानं आळवत गायचं. गाणं थांबलं की बैल थांबले. चर्चमध्ये गाताना भरून यावं, तसंच तिचं मन तेव्हा भरून यायचं.

आज मात्र सूर लागेना. चित्र पुरं झालं होतं. आत्ताच्या घोडागाडीनं तो पॅरिसच्या प्रदर्शनाला निघणार, आणि अजून... मनातला एक शब्द बोलला नव्हता!

"पोरी, नव्याला नाव दे," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. म्हाताऱ्या फोव्हे बैलाचा जोडीदार गेला, म्हणून हा तांबडा गोऱ्हा आज पहिल्यांदा जुवाला लागला होता. पहिल्या तासाला, म्हणजे नांगराची पहिली रेघ ओढताना, जे नाव गायलं जाईल, ते त्याचं जन्मभराचं.

बांधावर एत्येन टोपी हातात घेऊन उभा. "येतो मी, सोलांज..."

मेरीमाते, सांभाळ गं! तिनं डोळे मिटले आणि खडा सूर लावला—

"चल रे फोव्हे... चल रे मार्सोले!"

तांबड्यानं कान टवकारले, पाऊल उचललं. शेजारच्या शेतातून कुणीतरी शिट्टी घातली. बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, आता ते बदलता यायचं नाही!"

"ठाऊक आहे, बाबा."

एत्येन ढेकळं तुडवत धावत आला. कानापर्यंत लाल! "माझं आडनाव... बैलाला?"

"रोज हाक मारायला कुणीतरी हवं ना," ती नांगर न सोडता, गाण्याच्या दोन ओळींमध्येच म्हणाली. आवाज मात्र कापला. "तुम्ही तर चाललात."

रस्त्यावर गाडीचं शिंग वाजलं. त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"आणि तेच आडनाव... तुझ्या नावापुढे लावायचं म्हटलं तर?"

सोलांजचं गाणं थांबलं. बैल थांबले.

"अगं, बोल काहीतरी," बाबा वैतागले, "नांगरट राहिलीय!"

तिनं लाजत मान डोलावली... आणि आनंदानं पुन्हा सूर धरला, "चल रे मार्सोले!"

बैल चालू लागला. तिच्या शेजारून चित्रकारही.