भाईंची बंदूक, शौनकची फियाट

चादरीत गुंडाळलेली असली तरी बंदूक ती बंदूकच. एसटीचा कंडक्टर काही केल्या आत घेईना. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्याचा तो शेवटचा दिवस. तोंडवलीचे भाई आपल्या आजोबांची ठासणीची बंदूक छातीशी धरून रस्त्यात उभे, शेजारी त्यांची लेक गौरजा. तेवढ्यात मागून पलीकडच्या वाडीतल्या शौनकची जुनी फियाट आली... आणि थांबली.

भाई पुढे बसले, गौरजा मागे. आरशात तिची नजर भेटली नि शौनकनं उगाचच हॉर्न वाजवला. पुढच्या चढावर गाडी खरोखरच तापून बंद पडली.

"जुन्याची हौस तुमकाय आसा तर," गौरजा हसत म्हणाली.

भाईंनी त्या बंदुकीनं साधं रानडुक्करही मारलं नव्हतं. त्यांची हौस तेला-फडक्याची. दर रविवारी अंगणात बसून नळी पुसायची, बस्स. बंदूक ठाण्यात गेली आणि रविवार ओस पडले. मग तेच तेल, तेच फडकं घेऊन ते शौनकच्या पडवीत यायला लागले, फियाटचे दिवे पुसायला. सोबत गौरजाही यायची. पाना देता-घेता बोटांना बोटं लागत... आणि दोघंही घाईघाईनं गाडीबद्दलच बोलत. एकदा दिवा पुसता पुसता भाई सहज म्हणाले की, हिला मुंबईचं स्थळ आलंय, काय ते कळवायचंय. शौनक त्या दिवशी घट्ट बसलेला नटच पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

निकाल लागले. ठाण्यातून बंदूक घेऊन तिघं परतताना त्याच चढावर, समुद्र दिसतो तिथं, शौनकनं गाडी थांबवली. तापली म्हणाला, बॉनेट उघडलं. भाई बंदुकीसकट समोरच्या टपरीवर चहाला गेले.

गौरजानं इंजिनाशी हात नेला, मग सुटलेली वायर उचलून त्याच्यासमोर धरली.

"गाडी गार आसा. ही तुमी काढलास."

शौनकला खोटं बोलणं जमलंच नाही. "तू जातलंस म्हणान... जरा येळ व्हयो होतो."

ती समुद्राकडे बघत राहिली. "भाईंचे हात थरथरतत. बंदूक माझ्या नावार करूक अर्ज दिलंय."

"मग?"

"शेत राखूक दिलेली बंदूक ती. जेचा शेत हंय, तेणी हंयच रवाक व्हया. मुंबयक नाय म्हणान सांगलंय."

"बंदुकीसाठी?" त्यानं भीत भीत विचारलं.

"नुसत्या बंदुकीसाठी कोण रवता, रे?"

पहिल्यांदाच ती त्याला 'रे' म्हणाली, आणि वायर तिनंच जागच्या जागी बसवली.

भाई परत आले. दोघांकडे पाहिलं. बंदूक सांभाळत त्यांनी मागचं दार उघडलं आणि बसले.

"तू फुडे बस गो," ते म्हणाले. "बंदूक लांब आसा. मागे बरी मावता."